जस्ताचा थर, त्यावर फाउंडेशन

[दृश्य : आरशात एक गाल. ब्रशखाली बारीक पांढुरक्या गोळ्या जमा होताहेत.]

वहीवर खोडरबर घासला की जो कचरा उरतो, तसाच हा गालावर. खाली मिनरल सनस्क्रीन, वर फाउंडेशन, आणि ब्रश दोनतीनदा फिरला तेवढ्यात दोन्ही थर सोबतच सुटून आले. दुसरी तक्रार रंगाची : गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी छटा. या दोन्हींचा बराचसा सुगावा ट्यूबच्या पाठीवरच्या घटकांच्या यादीत लागतो. पुढच्या बाजूची जाहिरात वाचून काही हाती लागत नाही.

[दृश्य : ट्यूबची मागची बाजू, भिंगातून.]

मिनरल सनस्क्रीनमध्ये ऊन अडवणारे पदार्थ दोनच : झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचं भस्म म्हणा हवं तर, आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हे किरण आरशासारखे परतवतात, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर अतिनील किरणांचा बहुतेक भाग ते शोषून घेतात. विखुरतात तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश, म्हणून तर ते पांढरे दिसतात. अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, जितका जास्त तितका पदार्थ पांढरा दिसतो : झिंकचा २ च्या आसपास, टायटॅनियमचा २.५ च्या वर. भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम घालतात ते उगाच नाही! फ्लॅशच्या फोटोत चेहरा मानेपेक्षा पांढराफटक दिसला, तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. सावळ्या त्वचेसाठी झिंकवर भर असलेली ट्यूब बरी. लांब लहरींचे यूव्हीए किरणही झिंक जास्त चांगले अडवतं.

यादीच्या शेवटी तीन आकडे शोधा : सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९. लाल, पिवळा आणि काळा आयर्न ऑक्साइड. हे असले की सनस्क्रीन ‘टिंटेड’. राखाडी छटा त्यांनी मारली जाते, आणि दृश्य प्रकाशही थोडाफार अडतो. गालावर वांग असेल तर हे फार मोलाचं, कारण वांग गडद करण्यात दृश्य प्रकाशाचाही हात असतो. बिनरंगी मिनरलमधून तो बराचसा आत येतो.

[दृश्य : काचेच्या पट्टीवर दोन थेंब. एक पसरतो, दुसरा त्यावरून घसरतो.]

आता गोळ्यांचं. यादीतल्या पहिल्या पाचसहा नावांत डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन दिसलं, तर बैठक सिलिकॉनची. पाण्यापाठोपाठ ग्लिसरीन आणि घट्टपणासाठी कार्बोमर किंवा झँथन गम असेल, तर पाण्याची. लग्नाला सगोत्र चालत नाही म्हणतात, इथे मात्र सगोत्रच जुळतं : सिलिकॉनवर सिलिकॉनचं फाउंडेशन, पाण्यावर पाण्याचं. अपवाद निघतात, पण पहिली निवड करायला एवढं पुरतं.

गोळ्यांचं दुसरं कारण म्हणजे थरांची गर्दी. सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर (फाउंडेशनआधी त्वचा गुळगुळीत करणारा थर), फाउंडेशन. डिंकासारखे घटक असलेलं चिकट सीरम मेकअपच्या दिवशी वगळावं. सनस्क्रीन सिलिकॉनचं असेल तर प्रायमर लागतच नाही. ते काम त्यानेच केलेलं असतं.

[दृश्य : बाटली हलवली जाते. आतली गोळी खडखडते.]

पातळ, दुधासारखं सनस्क्रीन असेल तर बाटली दहाबारा वेळा हलवा. झिंक तळाशी बसतं आणि न हलवता ओतलं तर वरचं पाणीच हाती येतं. मात्रा : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची एकेक रेघ, चेहरा आणि मान मिळून. एसपीएफचा, म्हणजे ट्यूबवरचा ऊन-संरक्षणाचा आकडा चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. निम्मं लावलं तर ५० चं संरक्षण मिळत नाही, बरंच खाली येतं.

दोन्ही रेघा एकदम लावू नका. एक पसरा, दोनतीन मिनिटं थांबा, मग दुसरी. नंतर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. साडीच्या निऱ्या तेवढ्या वेळात होतात. फाउंडेशन ओलसर स्पंजने थोपटून बसवायचं. ब्रशने ओढलं की खालचा थर उचलला जातो. सनस्क्रीन आणि फाउंडेशन तळहातावर कालवून लावणं हा वेळ वाचवण्याचा सर्वांत वाईट मार्ग : मात्रा कमी पडते आणि झिंकचा सलग पापुद्रा बिघडतो.

हवेप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेलकट त्वचेला वेगळं मॉइश्चरायझर नको. नागपूरच्या मे महिन्यात उलट : कोरड्या पापुद्र्यांवर झिंक धरून बसतं, म्हणून आधी पातळ मॉइश्चरायझर आणि पाच मिनिटांची वाट.

[दृश्य : खिडकीजवळ चेहरा, अर्ध्या जबड्यावर थर.]

नवी ट्यूब समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नये. अर्ध्या जबड्यावर सगळे थर लावा, पंधरा मिनिटांनी खिडकीच्या उजेडात बघा, फ्लॅशने एक फोटो काढा, घाम आल्यावर पुन्हा बघा.

उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावायचं. घाम टिश्यूने टिपून घ्या, पुसू नका, आणि टिंटेड सनस्क्रीन स्पंजने दाबत बसवा. एसपीएफची पावडर सोयीची, पण मेकअप बिघडेल इतकी थापल्याशिवाय मात्रा भरत नाही. तिच्यासोबत छत्री हवीच.

रात्री नुसत्या फेसवॉशने हा थर पुरता निघत नाही. कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल मिनिटभर चोळा, ओल्या हाताने दुधाळ करा, धुवा, मग फेसवॉश. केसांची कड आणि नाकपुड्यांच्या खाचा तपासा, झिंक तिथे हमखास उरतं.