चौदा टायर, तीन जागा

(दृश्य : कळंबोली, पहाट. स्टील मार्केटच्या रस्त्यावर एक ट्रेलर टायरच्या दुकानासमोर मागे घेतला जातोय.)

हा चौदा टायरचा ट्रेलर. पुढे घोडा, म्हणजे इंजिन-केबिनचा ओढणारा भाग, त्याला सहा टायर. मागे ट्रॉली, तिला दोन अ‍ॅक्सल आणि आठ टायर. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा, पळस्प्यावरून एक्स्प्रेस वेला लागायचं, बोरघाट चढून चाकणला खाली करायचा आणि परत फिरायचं. आज याचे टायर बदलायचेत. डिसेंबर हा त्यासाठी बरा महिना. रस्ता तापलेला नसतो, त्यामुळे नव्या रबराची पहिली झीज सावकाश होते. हाच टायर एप्रिलमध्ये चढवला तर तापल्या काँक्रीटवर लवकर खरवडतो.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला. “शेठ, जोडी कितीला?” तो प्रश्न चुकीचा नाही, पण त्याआधी गाडी काट्यावर जायला हवी.

(दृश्य : वजनकाटा. भरलेल्या गाडीची फक्त पुढची दोन चाकं पाटीवर.)

आधी फक्त पुढची चाकं चढवायची, ब्रेक सोडायचे, पावती घ्यायची. मग अख्खा घोडा चढवून दुसरी पावती. मग पूर्ण गाडी, तिसरी. वजाबाकी केली की तिन्ही जागांचा भार वेगवेगळा हातात येतो. काट्याची पाटी आणि बाहेरचा रस्ता मात्र एका पातळीत हवा, नाहीतर भार पुढेमागे सरकतो आणि पावती खोटं बोलते.

२०१८ साली केंद्र सरकारने भाराच्या मर्यादा वाढवल्या. या जातीच्या गाडीला पुढे ७ टन, घोड्याच्या मागच्या अ‍ॅक्सलला ११.५ टन, ट्रॉलीच्या जोडअ‍ॅक्सलला २१ टन. एकूण ३९.५. हे तीन आकडे लक्षात ठेवा.

(दृश्य : टायरची भिंत अगदी जवळून. फिटर अक्षरांवर पांढरा खडू घासतोय.)

काळ्यावर काळं कोरलेलं खडूने वर येतं. १०.०० आर २०. म्हणजे रुंदी १० इंच, बांधणी रेडियल, डिस्कचा, म्हणजे लोखंडी चाकाचा, व्यास २० इंच. नायलॉन, म्हणजे जुन्या तिरक्या थरांच्या बांधणीच्या टायरला ‘आर’च्या जागी नुसती आडवी रेघ असते. पुढे १६ पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या ताकदीचा दर्जा. इथवर सगळेच वाचतात. त्याच्या शेजारी लिहिलेलं १४६/१४३ के मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि खरा व्यवहार तिथेच असतो.

हे किलो नव्हेत, संकेतांक आहेत. १४६ म्हणजे टायर एकटा लावला तर ३,००० किलो. १४३ म्हणजे जोडीत लावला तर प्रत्येकी २,७२५ किलो. के म्हणजे ताशी ११० किलोमीटरपर्यंतचा वेग. जोडीत आकडा कमी, कारण दोन टायर भार कधीच सारखा वाटून घेत नाहीत. रस्ता मधे फुगीर असतो, एकाची हवा उतरलेली असते, आणि दोघांच्या मधली उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

आता गुणाकार. ट्रॉलीचे आठ टायर, २,७२५ प्रमाणे २१,८०० किलो. मर्यादा २१ टन, बसलं. घोड्याच्या मागचे चार, १०,९०० किलो. मर्यादा ११.५ टन, सहाशे किलो तुटले. पुढचे दोन, ६,००० किलो. मर्यादा ७ टन, पूर्ण एक टन तुटला. टायर तोच, बिल तेच. तीनपैकी एका जागी पुरला आणि दोन जागी तोकडा पडला.

कमी वेगात टायर जास्त भार सोसतो, तशी सवलत कंपन्यांच्या तक्त्यात असते. दुकानदार तीच पुढे करतो. एक्स्प्रेस वेवर पळणाऱ्या गाडीने तिच्या भरवशावर राहू नये.

याच मापात १८ प्लायचा टायर मिळतो, १४९/१४६. एकटा ३,२५०, जोडीत ३,००० किलो. घोड्याच्या मागे १२ टन झाले, प्रश्न मिटला. पुढे साडेसहा टन. इथे काट्याची पहिली पावती काढायची. पुढच्या अ‍ॅक्सलवर खरोखर साडेसहाच्या आत भार येत असेल तर चालेल. त्याच्या वर जात असेल तर ट्यूबलेस २९५/८० आर २२.५, संकेतांक १५२/१४८, एकटा ३,५५० किलो. दोन टायरचे ७.१ टन. पण डिस्क बदलते. म्हणजे सगळीकडच्या डिस्का बदला, नाहीतर दोन मापांच्या दोन स्टेपन्या वाहत फिरा. आणि गाडीच्या कंपनीने मंजूर केलेल्या मापांबाहेर जायचंच नाही.

खडू थोडा पुढे सरकतो. लंबगोलात चार अंक, ३५२५. पस्तिसावा आठवडा, २०२५ साल. ही टायरची जन्मतारीख. वर्ष उलटून गेलं असेल तर भाव पाडून मागा. दोन-तीन वर्षं उन्हात पडलेला ‘नवा’ टायर फुकट दिला तरी पुढे लावू नका. आयएसआय चिन्हाखाली १५६३६ आकडा आहे का बघा, व्यापारी वाहनांच्या टायरचं ते भारतीय मानक. बिल पक्कं घ्या, त्यावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या, क्लेम त्यावरच चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, त्यामुळे कच्च्या बिलाचा मोह तसाही कमी व्हायला हरकत नाही.

(दृश्य : ट्रेलर यार्डात जागच्या जागी वळतोय. ट्रॉलीचे टायर आडवे फरपटताना जवळून.)

हे दृश्य नीट बघा. घोडा काटकोनात वळलाय, आणि ट्रॉलीची दोन अ‍ॅक्सलं एकमेकांशी भांडतायत. पुढचे टायर एका बाजूला ढकलले जातात, मागचे दुसऱ्या. भिंत वाकडी होते, रबर जमिनीवर पुसलं जातं, काळा पट्टा उरतो. कंटेनर यार्डात दिवसातून कितीदा तरी हे होतं. म्हणून ट्रॉलीला उंच, खोल लग, म्हणजे जाड गुट्ट्यांची नक्षी, नको. त्या गुट्ट्या मुळातून फाटतात. ट्रॉलीचं चाक ओढत नाही, ओढलं जातं. त्याला सरळ रेषांची उथळ नक्षी, रुंद खांदा आणि भक्कम भिंत लागते.

ओढायचं काम घोड्याच्या मागच्या चार चाकांचं. पूर्ण भार घेऊन घाटात उठायचं, पावसाळ्यात यार्डाच्या चिखलातून निघायचं. तिथे लग किंवा सेमीलग, म्हणजे मधे सरळ रेषा आणि कडेला गुट्ट्या. खाणीत जाणाऱ्या गाडीला पूर्ण लग ठीक आहे, पण हायवेवर पळणाऱ्या गाडीला सेमीलगच बरा, कारण जाड रबर उष्णता धरून ठेवतं. पुढच्या दोघांना मात्र रिबच. सरळ खाचा पाणी बाहेर काढतात, स्टेअरिंग हलकं राहतं. पुढे रिसोल केलेला, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर लावायचा नाही, यावर आमच्याकडून तडजोड नाही. एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल, हेही नाही.

(दृश्य : फिटिंग. डिस्क जमिनीवर आडवी, शेजारी नवा टायर, ट्यूब, फ्लॅप, रिंग, लॉक रिंग.)

आता खरं कसब. डिस्क तारेच्या ब्रशने घासली जाते. उरणच्या खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो, आणि गंजाचे पापुद्रे लॉक रिंगच्या, म्हणजे टायर डिस्कवर अडकवून धरणाऱ्या कड्याच्या, खाचेत बसले की रिंग पूर्ण बसत नाही. खाच बोटाने चाचपायची. रिंग वाकलेली, तडकलेली असेल तर ती भंगारात. ठोकून सरळ करायची नाही.

टायरच्या आत हात फिरवून बघतात. कंपनीचं लेबल, खडा, काहीही राहिलं तर ट्यूब कापतं. मग पावडर. ट्यूब नवी, फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि डिस्कमधली रबरी पट्टी, तोही नवा, आणि टायर रेडियल तर ट्यूबही रेडियलचीच. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते, आणि त्या घडीवर ती फुटते. चार पैसे वाचवायला गेलेल्यांचे टायर इथे रोज येतात.

टायर डिस्कवर, वर रिंग, मग लॉक रिंग. आता थोडी हवा भरली जाते, आणि भरलेली सगळी परत सोडली जाते. नवख्याला हे वेळ घालवणं वाटतं. त्या सोडण्यात ट्यूबच्या सुरकुत्या सरळ होतात आणि फ्लॅप जागेवर बसतो. मग दुसऱ्यांदा भरायची.

(दृश्य : लोखंडी पिंजरा. चाक आत सरकवलं जातं.)

हा पिंजरा. लांब नळी, चिमट्याने बसणारं तोंड, गेज पिंजऱ्याबाहेर, आणि माणूस लॉक रिंगच्या समोर नाही, बाजूला. १२० पौंड हवेला रिंग निसटली तर ती छपराला भोक पाडून जाते. हवा भरलेली असताना रिंगेवर हातोडा मारायचा नाही. या रस्त्यावर पिंजरे किती दुकानांत आहेत ते येता-जाता दिसतंच. ट्यूबलेसची डिस्क अखंड असते, तिला लॉक रिंगच नसते. आमचा कल ट्यूबलेसकडे आहे त्याचं निम्मं कारण हे.

जोडी लावताना दोन्ही टायरचा व्यास मोजायचा. फरक ६ मिलिमीटरच्या आत ठेवायचा. राहिलाच तर मोठा टायर बाहेरच्या बाजूला. नट समोरासमोरचे, एकाआड एक आवळायचे, एका बाजूने गोल फिरत नाही. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या. नळी नसली की हात पोचत नाही आणि आतली हवा कुणी बघत नाही.

(दृश्य : क्लीनर टॉमीने टायर ठोकत गाडीभोवती फिरतोय.)

टण् टण् आवाज आला की हवा बरोबर, असा समज आहे. १२० पौंड आणि ९५ पौंड यांचा आवाज सारखाच येतो. आणि ९६ च्या खाली, म्हणजे वीस टक्के उतरलेल्या हवेवर चाललेला टायर पंक्चर होऊन चालला असंच धरायचं, कारण आतल्या तारा दुमडून थकतात. गेज हवं. तेही सकाळी, गाडी थंड असताना. घाट उतरून खोपोलीत आल्यावर गेज दहा-पंधरा पौंड जास्त दाखवतं. ते वाढणारच. तिथे हवा सोडली तर रात्री गाडी थंड झाल्यावर ती कमी भरते, आणि दुसऱ्या दिवशी टायर फुटतो. भरधाव रस्त्यावर पुढचा टायर फुटला की गाडी कुठे जाते, ते सांगायला नको.

(दृश्य : वाशी, फळबाजार. सफरचंदाच्या पेट्या उतरतायत. दहा टायरच्या ट्रकच्या चासीखाली गुंडाळलेली साखळी.)

ही गाडी काश्मीरहून आली आहे. खाली लटकलेली साखळी बर्फातली, घोड्यासारखीच ओढणाऱ्या मागच्या चाकांना बांधायची, आणि कोरडा रस्ता लागला की काढायची. टायरवर एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं असलं म्हणजे तो बर्फाचा झाला असं नाही. तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह असेल तर तो बर्फावर तपासलेला. त्याचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहतं. पण तेच मऊ रबर आपल्या काँक्रीटवर झपाट्याने झिजतं. वर्षात एखादी खेप तिकडे जाणाऱ्याने नेहमीचे टायर चांगल्या नक्षीचे ठेवावेत आणि साखळी बाळगावी. उंच लग बर्फात रुततो खरा, पण गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर त्याचा उपयोग नाही. हवेचंही लक्षात ठेवा. इथे ३० अंशांवर भरलेली १२० पौंड हवा शून्य अंशाला १०७ च्या आसपास येते. उंचीमुळे गेज दोन-तीन पौंड जास्त दाखवतं, तरी कमीच. वर पोचल्यावर, सकाळी, पुन्हा भरायची.

(दृश्य : दुकान, दुपार. उतरवलेले जुने टायर ओळीने. खोलीमापक एका खाचेत.)

कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं. आपण तिथवर जायचं नाही. तीन-चार मिलिमीटरला उतरवला तर केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, शाबूत राहतं आणि रिसोल होऊन ट्रॉलीला चालतं. या ओळीतला तिसरा टायर बघा, एकच खांदा साफ झालाय. हा टायरचा दोष नाही, ट्रॉलीचं अ‍ॅक्सल तिरकं आहे. अलाइनमेंट न करता नवा टायर चढवला तर तोही असाच परत येईल. मधेच झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी.

(दृश्य : एक्स्प्रेस वे, संध्याकाळ. ट्रेलर घाट चढून उर्से टोलनाक्यापुढे कडेच्या ट्रक थांब्यावर उभा राहतो. क्लीनर लांब पान्हा घेऊन उतरतो.)

कळंबोलीहून निघून सत्तर-ऐंशी किलोमीटर झाले. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट एवढ्यात थोडे सैल होतातच, रंग आणि गंज दबतो म्हणून. चौदाही चाकांना पान्हा लागला पाहिजे. पहिला नट पाव वळसा फिरला. दुसरा जागेवर आहे. तिसरा पुन्हा पाव वळसा.