दाखल्यावरचे आकडे

(दृश्य: भिंतीवरची वितरण पेटी. झाकण उघडतं.)

घरातले सगळे दिवे लागतात, पंखा फिरतो, फ्रीज चालतो. तरीही त्या घरात अर्थिंग नसू शकतं. अर्थिंगची तार भिंतीत कुठेतरी तुटली असेल, तर एकही उपकरण बंद पडत नाही. फेजची तार गीझरच्या पत्र्याला टेकते त्या दिवशीच ते कळतं. म्हणून वायरिंगच्या बाबतीत ‘सगळं चालू आहे ना’ एवढं विचारून भागत नाही. मोजावं लागतं. सुरक्षेचा दाखला म्हणजे या मोजणीची नोंद. ज्या दाखल्यावर नुसती सही आहे आणि आकडे नाहीत, त्याला दाखला म्हणू नये.

(दृश्य: मुख्य स्विच खाली. मीटरच्या तारा सॉकेटला लागतात.)

वीज बंद करून पहिली मोजणी असते अर्थच्या तारेची. पेटीपासून प्रत्येक सॉकेटपर्यंत ती सलग आहे का, हे मीटरने पाहतात. मग येतो मेगर, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा, इन्सुलेशनचा, रोध मोजणारं यंत्र. फेज आणि न्यूट्रल एकीकडे, अर्थ दुसरीकडे, आणि मध्ये ५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. त्याआधी नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढून ठेवायची. २३० व्होल्टच्या वायरिंगसाठी आयईसी ६०३६४ हे आंतरराष्ट्रीय मानक किमान १ मेगाओहम मागतं. नव्या, कोरड्या वायरिंगचा आकडा याच्या कितीतरी पट येतो. त्यामुळे नव्या घरात जेमतेम सव्वा मेगाओहम आला, तर तो नियमाने पास आहे. पण चांगला तपासनीस तिथेच थांबतो. कुठे ओल झिरपली आहे, कुठे खिळ्याने तार सोलली आहे, ते शोधतो.

आता वीज चालू करून तपासणी. पेटीतला एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, असतो तारेच्या रक्षणासाठी. १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह जाणवतही नाही, इतका तो लहान असतो. माणसासाठी असतो आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे गळणारा प्रवाह ओळखून पडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की त्याने ३०० मिलिसेकंदांच्या आत वीज तोडायला हवी. तपासनीस मुद्दाम गळती घडवून तो वेळ मोजतो. आरसीसीबीवर एक लहान बटण असतं. ते दाबून स्विच पडला, की लोक निश्चिंत होतात. पण ते बटण फक्त आतली यंत्रणा हलते का, एवढंच सांगतं. घरात अर्थिंग मुळीच नसलं तरी ते बटण व्यवस्थित काम करतं!

आणि ढिला स्क्रू. सॉकेटमागच्या सैल जोडात एक ओहमचा रोध तयार झाला आणि त्यातून १० अँपिअर वाहू लागले, तर त्या एका बिंदूवर १०० वॅट उष्णता निर्माण होते, प्लास्टिकला अगदी खेटून. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच आहे. आरसीसीबी पडत नाही, कारण गळती नाही. असा जोड उघडून, पाहून आणि आवळूनच सापडतो. म्हणून तपासणीची सुरुवात मीटरने होत नाही, डोळ्यांनी होते.

(दृश्य: छप्पर. उन्हात सौर पॅनेलची रांग.)

छपरावर प्रश्न बदलतो. घरातली वीज मुख्य स्विचने बंद होते. ऊन बंद करता येत नाही. एकेक पॅनेल साधारण ४० व्होल्टचं धरलं, तर दहा पॅनेलच्या माळेत ४०० व्होल्ट डीसी होतात, आणि उजेड आहे तोवर ते तिथे असतातच. ५० हर्ट्झच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पेटलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला शून्य नाही. सैल कनेक्टरमध्ये पेटलेला आर्क, म्हणजे सलग ठिणगी, तसाच जळत राहतो. त्यात पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडाच जास्त असतो, म्हणून फ्यूज उडेल अशी आशाही धरता येत नाही.

पॅनेलला स्वतःचा दाखला असतो, त्यांच्या डीसीची घरासाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरलाही असतो. पण दोन वेगळ्या कंपन्यांचे, दिसायला सारखे कनेक्टर एकमेकांत बसवले, तर त्या जोडीची खात्री कोणीच दिलेली नसते. जोडणीचा दाखला वेगळा का लागतो, ते इथे कळतं. आयईसी ६२४४६ या मानकात त्याची रीत आहे: प्रत्येक माळेची धन-ऋण दिशा, व्होल्टेज, प्रवाह, इन्सुलेशन, आणि पॅनेलच्या चौकटीचं अर्थिंग.

पहिल्या दिवसाचं हे इन्सुलेशनचं वाचन जपून ठेवण्यासारखं. पावसाळी सकाळी इन्व्हर्टर गळतीची चूक दाखवतो, दुपारी ऊन पडलं की आपोआप चालू होतो, आणि घरचे ते विसरून जातात. चूक मात्र तिथेच असते, फक्त वाळलेली. जुना आकडा हाताशी असेल, तर घसरण किती झाली ते लगेच दिसतं.

(दृश्य: खांबावर काम करणारा लाइनमन.)

आणखी एक चाचणी घरापलीकडच्या माणसासाठी आहे. बाहेरची वीज गेली, की ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेल्या इन्व्हर्टरने त्या तारेत वीज सोडणं २ सेकंदांत थांबवायला हवं. नाहीतर बंद समजून हात लावलेली तार जिवंत असेल. सोबत बॅटरी असेल आणि ती घराला वीज पुरवत असेल, तर त्या वेळी न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी नीट राहते का, तेही पाहावं लागतं. ती तुटली तर गळती होऊनही आरसीसीबी कदाचित पडणार नाही. ही तपासणी सर्रास राहून जाते, हे मला फार खटकतं.

बॅटरी नंतर बसवली, पॅनेल वाढवली, स्वयंपाकघराची वायरिंग बदलली, तर जुना दाखला त्या नव्या भागाबद्दल काहीच सांगत नाही. मोजणी पुन्हा करून घ्या. शक्य असेल तर त्या वेळी जवळ थांबा, आणि मीटरवर दिसलेला आकडाच कागदावर उतरला आहे ना, ते पाहा.