अन्नदानाची डाळ कोणाच्या शेतातली?

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीपासूनच दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अन्नदानाचे मंडप लागतात. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांना तिथे पोटभर जेवण मिळते आणि नागपूरकर हे काम किती मनापासून करतात, ते आपण सारे जाणतो. ताजबागच्या लंगरला, गुरुद्वाऱ्यातल्या पंगतीला, हनुमान जयंतीच्या महाप्रसादाला हीच माया असते. या पातेल्यांत शिजणारी डाळ कोणाच्या शेतातून येते आणि तिचे पैसे कोणाच्या हाती पडतात, एवढेच मला आज विचारायचे आहे.

गेली काही वर्षे मी आमच्या वस्तीतल्या विहारात भरणाऱ्या बचत गटाबरोबर काम करते आहे. वर्षावासात संध्याकाळची वंदना आणि ग्रंथवाचन आटोपले की बाया तिथेच थांबतात, सतरंजीवर वह्या उघडतात आणि बचतीचा हिशेब करतात. बँकेची पायरी चढायला बिचकणारी, घराबाहेर पडताना दहा प्रश्न ऐकणारी सून विहारात, मंदिरात किंवा चर्चच्या सभागृहात मात्र निर्धास्त येते, आणि एकदा ती आली की तिच्या कमाईची गोष्टही तिथे निघू शकते. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात भरलेल्या दलित महिला परिषदेत, समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे आणि गुरू नानकदेवांच्या शिकवणीत कष्ट करून मिळवणे व वाटून खाणे एकत्रच येते. पोटापाण्याचा विचार धर्मस्थळाला परका कधीच नव्हता.

आमच्या गटातल्या काही जणींची शेती हिंगणा आणि उमरेडकडे आहे. कपाशीच्या ओळींमध्ये तूर, कडेला ज्वारी, बांधावर अंबाडी हा पेरा पूर्वी बायाच ठरवत असत. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, पानगळीने माती सुधारते आणि कपाशी बुडाली तरी घरात वरणाची सोय राहते. पुढे तणनाशके आली, सलग सोयाबीन आले आणि हा मिश्र पेरा मागे पडला. शिवाय २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतखात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती स्त्रियांची आहेत, आणि सातबारावर नाव नसलेल्या बाईला पीककर्ज मागणेही अवघड जाते. अशा बाईला आगाऊ सांगितलेली, खात्रीची खरेदी कर्जाइतकीच मोलाची असते.

म्हणून आम्ही एका अन्नदान समितीला तूरडाळ द्यायचे ठरवले. तुरीला तेल-पाणी लावायचे, ती उन्हात वाळवायची आणि मग भरडायची, हे काम विहाराच्या गच्चीवर जुन्या धोतरांवर झाले. पहिल्या वर्षी आम्ही घाई केली. डाळ पुरती वाळण्याआधीच पोत्यांत भरली आणि महिन्याभरात तिला भुंगा लागला. पोती परत आली, ते रास्तच होते. दुसऱ्या वर्षी डाळ दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळवली आणि डब्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या छोट्या डाळ मिलची माहितीही आम्ही तेव्हाच घेतली.

मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. डाळ उत्तम निघाली, पंगती उठल्या, पण पैशांसाठी बायांना तीन महिने थांबावे लागले, आणि विचारायला गेल्यावर ‘ही तर सेवा आहे, ताई’ असे उत्तर मिळाले. पंगतीत वाढणे ही सेवा आहे, भांडी घासणे हीसुद्धा सेवा आहे, आणि ती आमच्या बाया आनंदाने करतात. परंतु निंदण, सोंगणी आणि भरडणे ही मजुरी आहे, तिच्यावर मुलांची फी आणि दवाखाना चालतो. दानपेटीतून किराणा दुकानदाराला रोख मिळते, तर बाईलाही ती तशीच मिळायला हवी, आणि तीसुद्धा तिने स्वतः सही केलेल्या खात्यात. ती कोणत्या देवाला हात जोडते, हा प्रश्न या व्यवहारात कोणीही विचारू नये.

मंदिर, विहार, दर्गा, गुरुद्वारा, चर्च यांच्या समित्यांवर असलेल्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. तूर पावसाच्या सुरुवातीला पेरतात आणि ती डिसेंबर-जानेवारीत हाती येते. पुढच्या वर्षीच्या अन्नदानाला किती क्विंटल डाळ लागेल, हे जर तुम्ही मे महिन्यातच जवळच्या बचत गटाला कागदावर लिहून दिले, तर पेरा किती करायचा हे त्या बायांना मृग नक्षत्र लागण्याआधी ठरवता येईल.