दरपत्रकामागचा नियम

तालुक्याच्या गावातले एक खाजगी रुग्णालय. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. आत वडिलांना दम लागला म्हणून ऑक्सिजन लावला आहे, आणि बाहेर काउंटरपाशी उभ्या असलेल्या मुलासमोर एक अर्ज सरकवला गेला आहे. 'होणारा सर्व खर्च मला मान्य आहे' या ओळीखाली त्याला सही करायची आहे. खर्च किती होणार, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही. काउंटरमागच्या भिंतीवर चौकटीत बसवलेले दरपत्रक आहे; परंतु त्यावर एका औषध कंपनीची दिनदर्शिका टांगलेली असल्यामुळे त्याच्या खालच्या दोन-तीन ओळीच तेवढ्या दिसतात.

ते दरपत्रक त्या भिंतीवर कसे आले आणि ते झाकले गेले तरी कुणाला काही का वाटत नाही, हे समजून घ्यायचे तर एका जुन्या कायद्याकडे आणि त्याहून कमी वाचल्या जाणाऱ्या त्याच्या नियमांकडे जावे लागते.

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. डॉक्टरमंडळी त्याला आजही 'नर्सिंग होम अ‍ॅक्ट' म्हणतात. नोंदणीशिवाय रुग्णालय चालवता येणार नाही, एवढे कायदा सांगतो. अर्ज कसा करायचा, शुल्क किती भरायचे, नोंदवह्या कोणत्या ठेवायच्या, हा तपशील १९७३ च्या नियमांत आला. रुग्णालयाची जागा, तिथला कर्मचारीवर्ग आणि कागदपत्रे यांच्याविषयी हे नियम बोलत होते. दाखल झालेल्या माणसाला काय विचारता येईल आणि त्याला काय सांगितलेच पाहिजे, याबद्दल मात्र ते जवळजवळ मुके होते. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांसाठी वेगळा कायदा केला. पण सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्याने तो स्वीकारणे राज्यांवर अवलंबून होते, आणि महाराष्ट्राने आपला जुना कायदाच चालू ठेवला.

मग करोना आला. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले: साध्या विभागात दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. ज्या घरांनी तो काळ रुग्णालयाच्या जिन्यावर बसून काढला, त्यांना हे आकडे अजून तोंडपाठ असतील. ती आणीबाणीची व्यवस्था होती, आणि साथ ओसरल्यावर ती संपली. परंतु बिलाचा प्रत्येक आकडा विचारता येतो, ही जाणीव त्या दोन वर्षांत सामान्य माणसाला झाली, आणि माझ्या मते त्या आदेशांचे सर्वांत टिकाऊ फळ हेच आहे.

त्याच सुमारास, जानेवारी २०२१ मध्ये, १९७३ च्या नियमांत दुरुस्ती झाली. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, खाटेचे भाडे, डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, भूल, परिचर्या, ऑक्सिजन अशा ठराविक सेवांचे दर उघडपणे लावणे, आणि स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष उभा करून टोल फ्री क्रमांक देणे, हे सारे आता बंधनकारक झाले. दर किती असावा हे या नियमांनी सांगितलेले नाही. तो आधी सांगा, एवढेच सांगितले आहे. सनदेची कल्पनाही आकाशातून पडलेली नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांचा मसुदा पुढे ठेवला होता, आणि थकलेल्या बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येणार नाही, हा त्यातला एक हक्क आहे.

आता ज्या टप्प्याकडे आपण सहसा पाहत नाही, तिथे थोडे थांबू या.

विधिमंडळ कायद्याची चौकट ठरवते. तिच्या आतले बारकावे नियमांनी भरण्याचा अधिकार ते सरकारला देते. ज्या कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट घातलेली असते, तिथे महाराष्ट्राच्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २४ लागू होते. त्यानुसार आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल हे सांगायचे, त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती आणि सूचना विचारात घ्यायच्या, आणि मगच अंतिम नियम राजपत्रात छापायचे. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी वाचताना मी थबकलो होतो: पूर्वप्रसिद्धीनंतर नियम केल्याचे राजपत्रात एकदा छापून आले, की तो रीतसर केला गेल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे मुदत उलटून गेल्यावर 'आम्हाला कुणी विचारलेच नाही' ही तक्रार फार दूर जात नाही. बोलायचे ते मसुद्याच्या दिवसांतच.

त्या दिवसांत बोलते कोण? डॉक्टरांच्या संघटना बोलतात, रुग्णालयचालक बोलतात, आणि त्यांनी बोलायलाच हवे. पुण्याची 'साथी' संस्था आणि जन आरोग्य अभियान यांच्यासारखे मोजके गट रुग्णांच्या बाजूने वर्षानुवर्षे पाठपुरावा करत आले आहेत. पण ज्याच्या वडिलांना दम लागला आहे, तो माणूस राजपत्राचा 'भाग चार-ब' उघडून बसत नाही. मसुद्यात 'उक्त नियमांच्या नियम क्रमांक अमुकमधील पोटनियम तमुकऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल' अशी वाक्ये असतात. जुना नियम शेजारी ठेवल्याशिवाय नेमके काय बदलले, हे चांगल्या शिकलेल्या माणसालाही कळत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. ती वाचणाऱ्याला समजेल अशी लिहावी, ही मागणी मी इथे मनापासून करतो. मसुद्यासोबत जुना आणि नवा मजकूर दोन रकान्यांत दिला, तर सरकारचे काही पानांचे काम वाढेल, आणि लोकांना पहिल्यांदाच आपली हरकत नेमक्या शब्दांवर घेता येईल.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लहान शहरांतली कित्येक रुग्णालये एखादे डॉक्टर दांपत्य चालवते: खाली बाह्यरुग्ण विभाग, वर दहा-बारा खाटा, त्याच्याही वर स्वतःचे घर. नोंदणीचे नूतनीकरण, दर सहा महिन्यांनी अग्निसुरक्षेचे 'ब' प्रपत्र, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांचा हिशेब, सोनोग्राफीच्या नोंदी, हे सारे त्यांच्याच मानेवर असते. शंभर खाटांच्या रुग्णालयात ज्यासाठी स्वतंत्र कारकून असतो, ते काम इथे डॉक्टर रात्री जेवणानंतर करतात. म्हणून आग विझवण्याच्या व्यवस्थेबाबत किंवा परिचारिकांच्या संख्येबाबत मसुदा लिहिताना लहान रुग्णालयाला किती मुदत आणि कोणती मदत मिळेल, हे त्यात असायला हवे. मात्र अग्निसुरक्षेत सूट हा त्यावरचा मार्ग होऊ शकत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. ते रुग्णालय सरकारी होते; आग सरकारी-खाजगी पाहत नाही, आणि तपासणीनेही पाहू नये.

तपासणी करायची कुणी? महापालिकेच्या हद्दीत महापालिकेचे आरोग्य खाते आणि हद्दीबाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. ज्या अधिकाऱ्याकडे लसीकरण, डेंग्यूचे सर्वेक्षण आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, त्याच्याच टेबलावर शेकडो रुग्णालयांच्या फायली येतात. मसुद्यात 'प्राधिकारी तपासणी करील' हे तीन शब्द लिहिणे सोपे आहे; त्या तीन शब्दांमागे माणसे, गाडी आणि वेळ यांची तरतूद लागते, आणि सूचना पाठवताना ही तरतूद मागायला आपण कचरता कामा नये.

काही वर्षांपूर्वी माझ्या घरातल्या एका शस्त्रक्रियेनंतर हाती आलेल्या बिलात 'इतर' या एका शब्दापुढे पाच आकडी रक्कम होती. मी ती भरली, कारण घरी जायची घाई होती आणि विचारायचे काय, हे मला ठाऊक नव्हते.

काउंटरपाशी उभ्या असलेल्या मुलाला ते ठाऊक आहे. तो पेन खाली ठेवतो आणि विचारतो, "दादा, ऑक्सिजनचा तासाचा दर काय आहे हो?" काउंटरवरचा तरुण क्षणभर त्याच्याकडे पाहतो, उठतो, दिनदर्शिका खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवतो, आणि बोट फिरवत वरून खाली एकेक ओळ वाचायला लागतो.