एक-चौदावर नाव नाही

(दृश्य : पहाट. डोंगरउतारावर काजूची झाडं, खाली पडलेले लाल-पिवळे बोंडू. पाचोळ्यावर पावलांचा आवाज.)

बोंडू झाडावरून तोडायचा नाही. पिकून तो आपणहून खाली आला पाहिजे. काकी हे आम्हाला तीनदा सांगतात, कारण पहिल्याच सकाळी आमच्या कॅमेरामनने दृश्य भरगच्च दिसावं म्हणून एक फांदी गदगदा हलवली होती.

गोव्यातला काणकोण तालुका, गावडोंगरी-खोतीगावचा पट्टा. एप्रिल महिना. काकी, त्यांची सून आणि शेजारच्या दोघी उजाडायच्या आत डोंगरावर असतात. हातात काठी, काठीच्या टोकाला खिळा. खिळ्यावर बोंडू टोचायचा, टोपलीत झटकायचा. वाकावं लागत नाही. साठी उलटलेल्या कंबरेने शोधलेली ही युक्ती असणार, असं आपलं आम्हाला वाटतं.

(दृश्य : बी पिळून वेगळी करणारे हात. अगदी जवळून.)

एक पिळा, आणि बी वेगळी. बोटांना चीक लागून कातडी काळी पडलेली आहे, ती पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. बी दुकानदाराकडे जाते, तिच्यावर घरचं सामान येतं. बोंडू मात्र थांबत नाही. सकाळचा बोंडू दुपारनंतर नासायला लागतो, म्हणून तो लगेच फेणीच्या भट्टीवर.

भट्टी म्हणजे माडाच्या झावळ्यांचं एक छप्पर. वर्षातले तीन महिने ते भट्टी असतं, उरलेले नऊ महिने लाकडं ठेवायची जागा.

(दृश्य : कोलमी. धाकटा मुलगा पायांनी बोंडू तुडवतोय. रस उडतोय.)

कातळात खोदलेल्या या उथळ हौदीला कोलमी म्हणतात. आजूबाजूच्या बऱ्याच भट्ट्यांवर आता यंत्र आलंय. इथे अजून पाय आहेत. यंत्र का नाही, ते पुढे येईल.

तुडवून झालं की लगद्याचा ढीग रचतात आणि त्याला रानवेलीचे वेढे घालतात. ही नूडी. खालून वर, घट्ट, जशी एखादी बाई अंबाडा घालते तशी. वर सपाट दगड ठेवतात. रात्रभर तिच्यातून जे थेंब थेंब गळतं, तो नीरो. पहिला पेला आम्हाला मिळाला. आमच्या तिघांचे चेहरे पडद्यावर आहेतच, चवीबद्दल वेगळं बोलत नाही.

(दृश्य : डोंगराचा विस्तार, दूरवर जंगल.)

काजू इथला नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो ब्राझीलहून आणला. पण या उतारांवर तो लावला, राखला, वणव्यापासून वाचवला तो इथल्याच माणसांनी. वेळीप, कुणबी, गावडा ही गोव्यातली सर्वांत जुनी वस्ती मानली जाते. याच डोंगरांवर ते कुमेरी, म्हणजे फिरती शेती, करायचे, नाचणी पिकवायचे. कुमेरी बंद झाली, काजू राहिला. काकींच्या सासऱ्यांनी लावलेली झाडं आज छपराहून कितीतरी उंच आहेत. या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. म्हणजे काकी लग्न होऊन या घरात आल्या, त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्या सरकारदरबारी आदिवासी झाल्या.

(दृश्य : पिंपांत आंबणारा रस, वर फेस. मग भाण, चुलीतला जाळ.)

रस दोन-तीन दिवस आंबतो. पूर्वी मातीची भांडी होती, आता निळी प्लास्टिकची पिंपं. मग तो भाणात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मोठ्या भांड्यात, चढतो. भाण तांब्याचं आहे, तोंड चिकणमातीने लिंपलेलं. नळीतून वाफ निघते, ती थंड पाण्यात बसवलेल्या लावणी नावाच्या भांड्यात उतरते आणि तिचं पाणी होतं. एवढंच आहे सगळं. पण एवढ्यासाठी रात्र जागावी लागते.

काकी घड्याळ बघत नाहीत. चुलीशी बसतात आणि कान देतात. भाणाच्या पोटातला आवाज जड झाला की लाकूड मागे ओढतात. मुलगा घाईला आला की तिथूनच हाक येते, "उजो व्हड करी नाका, पुता!" जाळ मोठा झाला तर माल करपतो, आणि करपलेला वास ओळखायला गिऱ्हाईकाला एक घोट पुरतो. सून मधूनमधून लावणीवर पाणी ओतत राहते. तिचं तान्हं छपराच्या वाशाला बांधलेल्या झोळीत झोपलंय. (इथे निवेदन थांबेल. दहा सेकंद फक्त जाळाचा आणि पाण्याचा आवाज.)

पहिल्या उताराला हुर्राक येतो, साधारण १५ टक्क्यांचा. लिमका आणि फाडलेली हिरवी मिरची घालून पर्यटक पितात तो हाच. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, ४० टक्क्यांच्या वर. तिचा कडकपणा ग्राव या मापात मोजतात. मुलाकडे मोजायची काचेची नळी आहे. काकी करवंटीत थोडी फेणी ओततात, हलवतात आणि वर येणारे मणी बघतात. मणी लहान, दाट आणि टिकणारे हवेत. त्या रात्री नळी आणि करवंटी यांचं एकमत झालं. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे, नळी चुकते तेव्हा करवंटीच बरोबर असते.

(दृश्य : भरलेले कॅन, पिकअप गाडी.)

फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं, २०२१ मध्ये फेणी धोरण आलं. काकींची फेणी मात्र कॅनमधून जाते आणि कुणाच्यातरी बाटलीत भरली जाते. बाटलीवर मानांकनाचा शिक्का मारायचा तर वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. बाटली भरायची तर त्याचा परवाना हवा, लेबल हवं, जागा हवी.

जागा. सगळं येऊन अडतं ते इथे. गोव्यात जमीन कुणाची ते एक-चौदाच्या उताऱ्यावर दिसतं. या डोंगराच्या एक-चौदावर काकींच्या घरातल्या कुणाचंच नाव नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली गोव्यात दहा हजारांवर दावे दाखल झाले, त्यातला एक यांचा आहे. तो निकाली निघालेला नाही. एका बँकेत मुलगा तुडवायच्या यंत्रासाठी कर्ज मागायला गेला, तर तारण काय, असं विचारलं गेलं. कोलमीत पाय का आहेत, त्याचं उत्तर हे.

दर हंगामाआधी अबकारी खातं काजूच्या झोनची (पट्ट्यांची) पावणी, म्हणजे लिलाव, करतं. बोली ज्याची, झोन त्याचा. पावणीच्या दिवशी आम्ही इथे नव्हतो, त्यामुळे तिचं चित्रण नाही. एका वर्षी झोन बाहेरच्या माणसाने घेतला, तेव्हा याच कोलमीत, याच पायांनी, त्याच्यासाठी मजुरीवर बोंडू तुडवले गेले. यावर काकी कॅमेऱ्यासमोर बोलल्या नाहीत.

आदिवासींच्या हक्कांसाठी २५ मे २०११ रोजी केपे तालुक्यातल्या बाळ्ळीला आंदोलन झालं. त्यात दोन तरुण जिवानिशी गेले.

(दृश्य : सुनेच्या हातात प्लास्टिकची पिशवी. त्यात घडी घातलेले कागद.)

दाव्याच्या कागदांची ही पिशवी. पावसात भिजू नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात असते. कागद दाखवताना सून प्रत्येकावरची तारीख वाचत गेली. शेवटच्या कागदावर ती थांबली, कारण त्याच्या घडीत काजूची एक बी सापडली. बियाण्यासाठी ठेवलेली, कुणी ठेवली ते आठवेना.

(दृश्य : मे अखेर. आकाश भरून आलेलं. भाण उपडं करून ठेवलंय, मुलगा चुलीतली राख काढतोय.)

पाऊस आला की हंगाम संपला. पडलेला बोंडू पाणी पितो, रसाला गोडी राहत नाही. काकींनी भाण चिंच लावून घासलं, उपडं घातलं आणि छपरावरच्या दोन झावळ्या काढून घेतल्या. घराच्या पडवीला ओल येते, तिथे त्या लावायच्या आहेत.