तत्त्वज्ञांवरील निबंध आणि एक जुना प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव परिसरात येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा अशा गावांमधून मराठी साहित्य संमेलने भरतात आणि तेथील पुस्तकांच्या दालनात कधी कधी तत्त्वज्ञानावरचा एखादा जाडजूड निबंधसंग्रहही दिसतो. अनुक्रमणिकेत प्लेटो, ॲरिस्टॉटल, शंकराचार्य, कांट अशी नावे ओळीने असतात. हौसेने पुस्तक घरी नेणारा वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या निबंधाशी थांबतो. असे संग्रह नावांच्या क्रमाने वाचूच नयेत, एखादा प्रश्न मनाशी धरून त्याचा माग काढत वाचावेत, हे आज मला आग्रहाने सांगायचे आहे.

एकच प्रश्न घेऊ. समोरची भिंत मला दिसते. पण मला जे कळते ते भिंतीचे ज्ञान. त्या ज्ञानाच्या बाहेर भिंत म्हणून काही आहे, हे कशावरून?

ब्रह्मसूत्रांवरील आपल्या भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात म्हणजे उपविभागात, अठ्ठाविसाव्या सूत्रापासून, शंकराचार्य विज्ञानवादी बौद्धांशी, म्हणजे ज्ञानाबाहेर वस्तू नाहीच असे मानणाऱ्यांशी, हाच वाद घालतात. विशेष हे, की खंडनाला हात घालण्यापूर्वी ते बौद्धांची बाजू पूर्ण ताकदीनिशी मांडतात. निळा रंग आणि निळ्याचे ज्ञान ही दोन्ही नेहमी एकत्रच आढळतात, एकावाचून दुसरे कधी हाती लागत नाही, म्हणून ती दोन नव्हेतच. शिवाय स्वप्नात बाहेर काही नसताना वस्तू दिसतातच की! हे सारे सांगून झाल्यावर आचार्य उत्तर देतात. खांब किंवा भिंत पाहणारा कोणीही माणूस केवळ आपले ज्ञान पाहत नाही, तो ज्ञानाचा विषय म्हणून खांब आणि भिंतच पाहतो. ज्ञान आणि वस्तू सोबत आढळतात, कारण ज्ञान हे वस्तू कळण्याचे साधन आहे. तेवढ्याने दोन्ही एक ठरत नाहीत. आणि स्वप्न जागेपणी खोटे ठरते, तसा जागेपणीचा खांब कोणत्याही अवस्थेत खोटा ठरत नाही.

आता हाच प्रश्न घेऊन संग्रहातली मधली पाने उलटा आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटपाशी या. त्याचा शुद्ध बुद्धीची चिकित्सा करणारा ग्रंथ 1781 मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी एका परीक्षणात त्याला बर्कलीच्या, म्हणजे मनाबाहेर जडवस्तू नाहीच असे मानणाऱ्या तत्त्वज्ञाच्या, पंक्तीला बसवण्यात आले. कांटला हे फार लागले. 1787 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने बाह्य जग नाकारणाऱ्या मताचे स्वतंत्र खंडन घातले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: माझ्या मनात विचार एकामागून एक येतात, हा क्रम मला कळतो, पण बदल कळायला न बदलणारे, टिकून राहणारे काहीतरी हवे आणि ते माझ्या विचारांमध्ये सापडत नाही, कारण तेही सरत जातात. म्हणून ते माझ्या बाहेर, अवकाशातच असले पाहिजे.

श्रोतेहो, येथे पुन्हा शंकराचार्यांकडे वळावे. त्याच पादातील एकतिसाव्या सूत्रावर ते म्हणतात, की विज्ञान, म्हणजे जाणीव, क्षणिक असेल तर वासना, म्हणजे पूर्वीच्या अनुभवांचे संस्कार, साठणार कोठे आणि स्मृती कोणाला होणार? तिन्ही काळांशी जोडलेले, टिकणारे काहीतरी मानावेच लागते. मागणी अगदी कांटची आहे. पण कांटला ते टिकणारे तत्त्व बाहेर सापडते आणि आचार्यांना ते आत, साक्षी आत्म्यात सापडते. एका प्रश्नावर हजारभर वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचण्यात जो आनंद आहे, तो दोघांची चरित्रे वाचून मिळणार नाही.

अशा वाचनाचा वस्तुपाठ घालून देणारा माणूस आपल्याच भागातला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. 1886 मध्ये जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे हे उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य आणि निष्ठावंत नामसाधक होते. तरीही उपनिषदांवरील त्यांचा 1926 चा ग्रंथ भाविक स्तुतीचा नाही. एकेका उपनिषदाचा सारांश देत जाण्याऐवजी त्यांनी सृष्टी कशी झाली, मन म्हणजे काय, अंतिम सत्य कोणते, असे प्रश्न घेऊन ऋषींची मते मांडली आणि जागोजागी ग्रीक विचारवंतांना त्यांच्यासमोर आणून बसवले. बेळगावच्या हिंदवाडीतल्या गुरुदेव रानडे मंदिरात तौलनिक तत्त्वज्ञानाची अकादमी आहे, ती त्याच दृष्टीचा वारसा सांगते.

मराठी निबंधसंग्रहांबद्दल माझी एक तक्रार आहे. कांट आला की लेखक युक्तिवाद तपासतो. ज्ञानेश्वर आले की हात जोडतो. वास्तविक त्यांच्या अमृतानुभव या ग्रंथाचे सातवे प्रकरण, अज्ञानखंडन, हा अव्वल दर्जाचा वाद आहे. जग अज्ञानामुळे दिसते असे म्हणता, तर ते अज्ञान राहते कोठे? ज्ञानात ते राहू शकत नाही, आणि एकटे असेल तर ते आहे हे कोणाला कळणार? असे एकेक आसरे काढून घेत ज्ञानदेव या निर्णयाला येतात, की दिसणारे सारे हे चैतन्याचेच स्फुरण आहे. म्हणजे वरच्या प्रश्नाला हे तिसरेच उत्तर झाले.

यावर लिहिणाऱ्याने ज्ञानदेवांच्या प्रतिपक्षालाही पूर्ण बोलू दिले पाहिजे. अज्ञान मुळात नसेलच, तर गुरूने दूर काय करायचे आणि ग्रंथ तरी कोणासाठी लिहायचा? हा आक्षेप दुबळा नाही. दहाव्या प्रकरणात ज्ञानदेव स्वतः ग्रंथाच्या प्रयोजनाकडे वळतात. सातवे प्रकरण संपवून, मधली दोन बाजूला ठेवून, थेट तेथे जावे आणि त्यांचे उत्तर या आक्षेपाला पुरे पडते का, ते ओवी-ओवीने पाहावे.

नमस्कार.