फेलिक्सच्या नावावर फॅनीची गाणी

नमस्कार मंडळी.

चर्चमधल्या लग्नात नवरा-नवरी बाहेर पडताना वाजतो तो ‘वेडिंग मार्च’ आपण निदान सिनेमात तरी ऐकलाय. तो फेलिक्स मेंडेल्सझोनचा. जन्म १८०९, हॅम्बुर्गचा, पण वाढला आपल्या या बर्लिनमध्ये. विसाव्या वर्षी, मार्च १८२९ मध्ये, त्याने जर्मन संगीतकार बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही चर्चसंगीताची मोठी रचना इथल्या झिंगअकाडेमी या गायनसंस्थेत बसवली. बाख जाऊन तेव्हा ऐंशी वर्षं होत आली होती आणि ही रचना अडगळीत पडली होती. त्या इमारतीत आता माक्सिम गोर्की थिएटर आहे. नाटकाला गेलात तर आठवण ठेवा. पुढे लाइपझिगला गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचं संचालन, १८४३ मध्ये तिथेच संगीतविद्यालय. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मला बोलायचंय त्याच्या थोरल्या बहिणीबद्दल.

फॅनी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघांचे गुरू एकच, झेल्टर. पण ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी पत्र लिहिलं: फेलिक्ससाठी संगीत हा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहणार. (आपल्याकडच्या किती घरांत हे बोललं गेलंय, ते तुम्हीच मोजा.) तिची सहा गाणी छापली गेली, पण फेलिक्सच्या ओपस आठ आणि नऊ या गीतसंग्रहांमध्ये (ओपस म्हणजे छापील रचनेचा क्रमांक), त्याच्या नावावर.

जुलै १८४२. फेलिक्स बकिंगहॅम राजवाड्यात. वाऱ्याने स्वरलिपीचे कागद खोलीभर उडालेले, आणि राणी व्हिक्टोरिया स्वतः गुडघे टेकून ते गोळा करतेय. मग ती गाणार असं ठरलं. पण आधी पोपट बाहेर न्या, म्हणाली, नाहीतर तो माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडेल! पिंजरा फेलिक्सनेच उचलून बाहेर दिला. राणीने त्याच्या संग्रहातलं ‘इटली’ हे गाणं निवडलं आणि छान गायलं. आता आली पंचाईत. हे गाणं माझं नाही, बहिणीचं आहे, असं त्याला सांगावं लागलं. फार जड गेलं, असं त्यानेच आईला पत्रात लिहिलंय.

मला हा माणूस आवडतो तो या पत्रामुळे, आणि रागही येतो तो याच पत्रामुळे. कारण एवढं होऊनही, बहिणीने स्वतःच्या नावाने छापावं, हे त्याला मनापासून पटलं नाहीच. १८४६ मध्ये तिनेच ठरवलं, तेव्हा कुठे त्याने शुभेच्छा दिल्या. तोवर ती चाळिशीत पोचली होती.

पुढच्याच मे महिन्यात, लाइपत्सिगर श्ट्रासवरच्या घरी रविवारच्या मैफलीची तालीम चालू होती. रचना फेलिक्सची, पियानोवर फॅनी. तिचे हात अचानक बधिर झाले आणि त्याच रात्री ती गेली. त्या जागी आज बुंडेसराटची, म्हणजे जर्मन राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाची, इमारत आहे. सहा महिन्यांत, ४ नोव्हेंबर १८४७ ला, फेलिक्सही गेला. वय अडतीस.

दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत, हालेशेस टोअर स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर, मेरिंगडामकडून आत. फॅनीच्या दगडावर तिच्या शेवटच्या गाण्यातल्या सुरावटीच्या ओळी कोरल्या आहेत. इथे मात्र खाली तिचंच नाव आहे.